व्हिटॅमिन नव्हे, व्हिटॅमिनसारखं

बोरसे सरांनी माझा जीव वाचवला, असं आमची सगळी कॉलनी सांगते. मी नाही म्हणत नाही. पण त्याच सकाळी, त्याच दहा मिनिटांत त्यांनी माझा चालता धंदा बुडवला, हे माझ्याशिवाय कुणीच सांगत नाही. म्हणून मला लिहावं लागतंय. माणूस गेला की लोक त्याचं चांगलं तेवढंच वर काढतात. मी भाजीवाली आहे. टोपलीत वर काय लावलंय आणि खाली काय दडवलंय, दोन्ही मला ठाऊक असतं. सरांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, ‘मंगल, माझं चुकलं’ एवढं मला ऐकायचं होतं. त्यासाठी वर्षभर मी ते भांडण मनात धार लावून ठेवलं होतं.

मी मूळची नशिराबादची. पालेभाजीची टोपली घेऊन एसटीने जळगावला यायचे. टोपलीचं तिकीट काढायला लावणाऱ्या कंडक्टरशी रोज भांडायचे आणि रोज जिंकायचे. आज रिंग रोडच्या मागे माझं दोन शटरचं भाजीचं दुकान आहे. ती शटरं मला कुणी आंदण दिलेली नाहीत. भावात मी बापाला सोडत नाही. आवाज मोठा आहे, तोंड त्याहून मोठं आहे. लोक मला मागे काय म्हणतात ते मला माहीत आहे आणि त्यातलं बरंचसं खरं आहे.

सर पहिल्यांदा दुकानात आले तो दिवस अजून आठवतो. उंच, काटकुळा माणूस. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले, हे मला नंतर कळलं. त्यांनी कोबीच्या ढिगाकडे पाहिलं, माझी सगळ्यात चांगली, घट्ट, पांढरीफेक गड्डी उचलली, नाकाशी नेली आणि परत ठेवली.

“अळीने खाल्लेली आहे का?”

मला वाटलं, खोडी काढतोय. मी म्हटलं, “बाबा, सकाळी सकाळी माझं गिऱ्हाईक मोडायला आलात का? अळीचं नाव काढाल तर पळून जातील सगळे.”

“तेच हवंय मला. जी गड्डी अळीने खाल्ली तिच्यावर औषध कमी मारलेलं असतं. अळी ही माझी अन्न निरीक्षक. ती लाच खात नाही.”

मागच्या बाजूला मी गाईसाठी टाकलेल्या गड्ड्या होत्या. त्यातल्या दोन आणून दिल्या आणि भाव चांगल्या मालाचा सांगितला. म्हटलं, घासाघीस करील, मग अर्ध्यावर येऊ. त्यांनी मी सांगितला तेवढा भाव मुकाट दिला आणि वर “धन्यवाद” म्हणाले. मला इतका राग आला! घासाघीस न करणाऱ्या माणसासमोर माझ्यासारखीने करायचं काय? आखाड्यात उतरावं आणि समोरच्याने नमस्कार करून निघून जावं, तसं झालं.

मग ते रोज यायला लागले. रोज एक खराब गड्डी, चांगल्या भावाने. गाय उपाशी राहायला लागली. पुढे हिवाळ्यात अळीच पडेना. आता एवढं हक्काचं गिऱ्हाईक कोण सोडतं? पोती शिवायचं दाभण घेतलं, एका चांगल्या गड्डीला वरच्या चार पानांत भोकं पाडली आणि ठेवली बाजूला.

सरांनी पान उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं.

“मंगल, ही अळी भूमिती शिकलेली दिसते. सगळी भोकं एका मापाची.”

“नवीन जात असेल.”

“असेल. पण अळी जिथे खाते तिथेच हागते. इथे काहीच नाही.”

“मग तिला बद्धकोष्ठ असेल, सर!”

सर इतके हसले की पेनं खिशातून खाली पडली. “तिलाही रस पाजायला हवा,” म्हणाले, आणि ती दाभणाची गड्डी तशीच पिशवीत टाकून, पूर्ण भाव देऊन गेले. त्या दिवसापासून मी त्यांना फसवणं सोडलं. फसवलेलं ज्याला कळतं आणि तरी जो हसतो, त्याला फसवण्यात काही राम नाही.

हा रस म्हणजे कोबीचा रस. सर तरुणपणी धुळ्याजवळच्या सोनगीरला असताना त्यांना पोटात अल्सर झाला होता. जेवलं की कळ, नाही जेवलं की त्याहून मोठी कळ. कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचलं, की कच्च्या कोबीत एक पदार्थ असतो, तो पोटातली जखम भरून आणतो. त्याला नाव दिलंय व्हिटॅमिन यू. अल्सरचं इंग्रजी स्पेलिंग ज्या अक्षराने सुरू होतं, तेच अक्षर घेतलं. सरांनी रस प्यायला सुरुवात केली आणि दोन महिन्यांत कळ गेली. तेव्हापासून रोज सकाळी एक पेला. चव म्हणाल तर गोठ्यात ओल्या पेंढीवर तोंड पडल्यासारखी.

पण या माणसाची गंमत अशी, की दुसरा कुणी असता तर त्याने मठ काढला असता. सर मात्र रसाचं गुणगान सुरू करायचे आणि प्रत्येक वाक्याला स्वतःच खिळा ठोकायचे.

“हे व्हिटॅमिन नव्हे हं. व्हिटॅमिनसारखं. ते न खाल्ल्याने कुणाला रोग होत नाही, म्हणून शास्त्र त्याला व्हिटॅमिन मानत नाही.”

“पण अल्सर बरा होतो ना?”

“परदेशात पूर्वी कुणीतरी रोग्यांना पाजून पाहिलं. माणसं थोडी होती. त्यावरून तसं म्हणता येत नाही.”

“मग तुमचा कसा बरा झाला?”

“रसाने झाला असेल. आपोआप झाला असेल. त्याच सुमारास माझी बदली झाली आणि हेडमास्तर बदलला, त्यानेही झाला असेल.”

असा वकील असेल तर आरोपी फासावरच जायचा. कॉलनीत त्यांना ‘कोबी मास्तर’ म्हणायचे. ते त्यांना माहीत होतं.

रोज कच्चा कोबी पिणाऱ्याच्या पोटात जे व्हायचं ते व्हायचंच. त्यांच्या शाळेतले एक जुने शिक्षक वारले तेव्हा कॉलनीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं. पाऊण मिनिट झालं असेल, सरांच्या बाजूने असा लांब, विचार करत करत गेल्यासारखा आवाज आला की पुढची रांग वळून बघायला लागली. बायकांनी पदर तोंडात कोंबले. सर खांबासारखे उभे. दोन मिनिटं पुरी झाल्यावर गंभीरपणे म्हणाले, “क्षमा असावी. कोबीत गंधक असतं. गेलेला माझा मित्र होता, स्टाफरूममध्ये त्याने हे आयुष्यभर ऐकलंय. त्याला काही वाटलं नसतं.” गेलेल्याची बायको रडता रडता हसली. तिने नंतर मला सांगितलं, त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली होती.

आता माझ्या पोटाकडे येते.

धंद्याच्या बाईचं जेवण म्हणजे काय? पहाटे मार्केट यार्डात चहा, दुकानात उभ्या उभ्या ज्वारी आणि काळ्या उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा, मग पुन्हा चहा, आणि डोकं दुखलं की मेडिकलमधून आणलेली गोळी. छातीखाली जळायला लागलं. सरांनी एकदा मला पोटाला हात धरून बसलेलं पाहिलं आणि लगेच सगळं सांगितलं: कच्चा कोबी, ताजा रस, उकळायचा नाही. “उकळलास तर भाजी झाली. तो पदार्थ उष्णतेने जातो.” मग पिशवी उचलली, पायरी उतरले आणि उतरता उतरता म्हणाले, “दीड महिन्यात बरं नाही वाटलं तर डॉक्टरला दाखव. आणि त्या डोकेदुखीच्या गोळ्या बंद कर.”

माझी चूक इथे झाली. गिऱ्हाईक भाव करताना समोर उभं राहून जे बोलतं ते ऐकायचं. पाठ फिरवून जाता जाता जे बोलतं ते ऐकायचं नाही. ‘जाऊ द्या, दुसरीकडे घेतो’, ‘उद्या बघू’ हे सगळं जाता जाताचं बोलणं खोटं असतं. वीस वर्षांत मला हा एकच धडा कामी आला होता. सरांची नेमकी महत्त्वाची वाक्यं पायरी उतरताना यायची. मी ती सोडून द्यायचे.

रस प्यायले. खरं सांगते, आठ दिवसांत बरं वाटलं. जळजळ कमी झाली. आणि मला बरं वाटलं की माझं डोकं पहिल्यांदा धंद्याकडे जातं. सकाळी ग्राउंडवर चालायला येणारी माणसं माझ्या दुकानावरून जातात. सगळी पोटं पुढे आलेली, सगळे आदल्या रात्री शेवभाजी हाणलेले. मी रसाचं मशीन आणलं, टेबल टाकलं आणि पेंटरकडून पाटी रंगवून घेतली: ‘व्हिटॅमिन यू. कोबीचा ताजा रस. अल्सर, ॲसिडिटी, जळजळ यांवर रामबाण.’

रांग लागली हो! लोक फोटो काढून एकमेकांना पाठवायला लागले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी भाव सांगायचे आणि समोरचा खाली मान घालून द्यायचा. दुखणाऱ्या पोटाला घासाघीस सुचत नाही. पुढच्या गल्लीत दुसरं टेबल टाकायचं मी ठरवलं होतं.

सर दुसऱ्याच दिवशी आले. पाटी वाचली. खिशातून खडू काढला. रिटायर माणूस खडू कशाला बाळगतो, मला माहीत नाही. ‘व्हिटॅमिन’च्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं, ‘सारखं’. मी पुसलं. तिसऱ्या दिवशी ‘रामबाण’मधला ‘बाण’ खोडून तिथे ‘जाणे’ लिहिलं. ‘अल्सर, ॲसिडिटी, जळजळ यांवर राम जाणे.’ रांगेतले लोक खो खो हसले. मी पाण्याची बादली घेऊन सरांच्या अंगावर गेले.

“सर, तुम्हीच सांगितलं ना मला रस प्यायला?”

“तुला सांगितलं. पाटीला नाही सांगितलं. मी ‘म्हणतात’ असं म्हटलं होतं. तुझ्या पाटीवर ‘म्हणतात’ कुठेय?”

“‘म्हणतात’ लिहिलं तर कोण घेईल?”

“ज्याला खरंच घ्यायचंय तो.”

“असा एकही माणूस जळगावात नाही, सर!”

मग ते रांगेतच उभे राहायला लागले. प्यायला नाही, विचारायला. “तुम्हाला थायरॉईड आहे का? मग कच्चा कोबी रोज नको. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? मग डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नको.” माझी अर्धी रांग अशी गळायची. मी मात्र रस विकत होते, पीत होते, आणि जळजळ परत आली होती हे कुणाला सांगत नव्हते. सांगू कशी? ज्या बाईच्या पाटीवर रामबाण लिहिलंय तिचंच पोट दुखतंय म्हटल्यावर दुकान चाललं असतं का? चार महिने मी असे काढले.

दिवाळी तोंडावर आली होती. सकाळची वेळ, टेबलापुढे दहा-बारा माणसं. मी कोबीचा क्रेट उचलला आणि मला दम लागला. क्रेट खाली ठेवून भिंतीला टेकले. सर रांगेतून पुढे आले, माझा हात धरला आणि नखं बघितली. कागदासारखी पांढरी.

“संडास कसल्या रंगाची होते?”

सगळ्यांसमोर! मी पेटले. म्हटलं, “सर, वय बघून बोला. तुमच्या घरी विचारा हे.”

सर एरवी शाळेतली शुद्ध मराठी बोलायचे. घाबरले की सोनगीरची अहिराणी बाहेर यायची. “मंगल, मी काय इचारी ऱ्हायनू? डांबरना मायेक काळं शे का? बठ्ठं?”

मी मान हलवली. सगळं डांबरासारखंच होतं. मी समजत होते, कळण्याच्या भाकरीने होत असेल.

“कव्हयपासून?”

“दसऱ्यापासून.”

ते क्रेटवर बसले. खरंच बसले, कोबीवर. मग उठले आणि म्हणाले, “आत रक्त वाहतंय. चाल दवाखान्यात. आत्ता.”

आणि मी काय केलं? घासाघीस. म्हटलं, दिवाळी होऊ द्या. ते म्हणाले, आत्ता. मी म्हटलं, बरं, रविवारी. ते म्हणाले, आत्ता. मी म्हटलं, एवढी रांग तरी संपू द्या, रस काढून ठेवलाय. शेजारच्या दुकानात पेंटर शटर रंगवत होता. सरांनी त्याच्या हातातून ब्रश घेतला आणि माझ्या पाटीवर, सगळ्यांसमोर, काळ्या ऑइल पेंटने लिहिलं:

‘या रसाने अल्सर बरा होत नाही. मी आयुष्यभर लोकांना हा रस सांगत आलो. य. ना. बोरसे.’

खाली सही केली. अक्षर फळ्यावरच्यासारखं सरळ होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आता रांग नाही. चल.”

खरंच नव्हती. मी त्यांना जे जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. रिक्षात बसेपर्यंत बोलत होते. रिक्षात मला चक्कर आली, म्हणून थांबले.

पोटात नळी घालून बघितलं. अल्सर होता, त्यातून रक्त जात होतं. एक जंतू असतो म्हणे, तो निघाला; आणि वरून माझ्या डोकेदुखीच्या गोळ्यांनी त्याला हातभार लावला होता. रक्त चढवलं, जंतूवर चौदा दिवस गोळ्या दिल्या, आणि त्यापुढेही महिनाभर पोटाच्या. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस काढले असते तर अवघड होतं. गोळ्यांनी मी बरी झाले. कोबीने नाही. हेही मी लिहून देते.

पण दुकानात परत आले तेव्हा पाटी तशीच होती. रॉकेलने घासली, टर्पेंटाइनने घासली, अक्षर जाईना. रसाचं मशीन धूळ खात पडलं. रस तर सोडाच, कॉलनीत कोबीची भाजीसुद्धा कुणी घेईना. बायका यायच्या, कोबीकडे बघायच्या आणि फ्लॉवर घ्यायच्या. हे खडूने लिहिता आलं नसतं? दोन दिवस थांबून माझ्या कानात सांगता आलं नसतं? मी तावातावाने सरांच्या घरी गेले तर कुलूप. ते बाथरूममध्ये पडले होते आणि त्यांची मुलगी वैशाली त्यांना धुळ्याला आपल्याकडे घेऊन गेली होती.

म्हणजे भांडण माझ्या हातात, आणि भांडायचा माणूस धुळ्यात. वर्ष गेलं. मग सोनगीरला एका लग्नाच्या जेवणाची भाजी मी पोचवली आणि परतताना धुळ्यात उतरले. तेवढ्यासाठीच ती ऑर्डर घेतली होती, नाहीतर माझ्या दुकानापासून सोनगीर कुठे! हीच आमची शेवटची भेट. त्यानंतर महिन्याभराने वैशालीचा फोन आला.

सर ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. अर्धे झाले होते. खिशाला पेनं होती, पण बुशशर्टच त्यांना घालून बसला आहे असं वाटत होतं. वैशालीने चहा आणला. मी म्हटलं, “सरांचा रस झाला का?”

ती म्हणाली, “कुठला? इथे आल्यापासून त्यांनी कोबीला हात लावलेला नाही, ताई. जबरदस्ती केली तरी घेत नाहीत.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले, “तू येशील हे मला माहीत होतं. मी रोज वाट बघत होतो. माझं चुकलं, मंगल.”

वर्षभर जे ऐकायचं होतं ते असं, भाव न करता, पहिल्याच फटक्यात पुढ्यात आलं. मी म्हटलं, “कबूल आहे ना? मग खडूने लिहायचं होतंत.”

“काय खडूने?”

“पाटी!”

“पाटी बरोबर होती,” सर म्हणाले. “मी त्या चार महिन्यांचं बोलतोय. मी तुला रस सांगितला, तुला बरं वाटलं, आणि तू डॉक्टरकडे गेली नाहीस. तुझ्या आत रक्त वाहत होतं आणि मी रांगेतल्या लोकांना थायरॉईड विचारत होतो. ज्या माणसाने तुला आजारी ठेवलं, त्यालाच लोक म्हणतात, जीव वाचवला. मला झोप येत नाही गं.”

“ते काही तुमचं चुकलं नाही! डॉक्टरला दाखव म्हणाला होतात तुम्ही. मीच ऐकलं नाही.”

“मी मोठ्याने म्हणालो नाही. रस मोठ्याने सांगितला.”

“अहो सर, ते सोडा! पाटीचं बोला! ऑइल पेंट कुणी वापरतं का?”

“पाटी बरोबर होती,” ते पुन्हा म्हणाले. हट्टी माणूस.

आता बघा पंचाईत. ज्याची माफी मला हवी होती ती ते देईनात. जी देत होते ती घ्यायला माझ्याकडे जागा नव्हती, कारण त्यात त्यांची चूकच नव्हती. चहा निवला. मी उठले, पिशवी घेतली. तेव्हा त्यांनी विचारलं, “मग? माफ केलंस का?”

‘हो’ म्हटलं असतं तर काय गेलं असतं माझं? एक अक्षर. पण पाटीचं बोलल्याशिवाय मी सोडणार नव्हते. समोरचा अडलाय हे दिसलं की मी धरून ठेवते. हात आपोआप आवळतो. मी म्हटलं, “विचार करते.”

सरांनी मान हलवली, जणू रास्त उत्तर होतं. उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली होती, तिला हाताचा आडोसा करून माझ्याकडे बघत म्हणाले, “कर, कर. घाई नाही.”